पाय दिसेपर्यंत

३ ऑक्टोबर, मंगळवार

पूर्वेची वाट पुन्हा उघडणार आहेत. वेनिंगनं आज जेवता जेवता सांगितलं, ताटातली कोबीची भाजी इकडची तिकडे करत, मान वर न करता. म्हणजे मला काय वाटेल हे माझ्या लेकीला ठाऊक होतं.

उत्तरेच्या वाटेवर सुट्टीला शहरातल्या पोरापोरींची इतकी गर्दी होते की शिखराखाली तंबू ठोकायला जागा उरत नाही. म्हणून वाडीनं ठरवलं, पाऊस लागायच्या आत जुनी वाट साफ करायची, झाडांना लाल फिती बांधायच्या. काम दार्योनोकडे आहे. तो आमच्या वाटाड्यांचा मुख्य. त्याच्या हाताखाली वेनिंग.

तिचे वडील त्याच वाटेवर गेले. तीन वर्षं झाली. कुणी गिर्यारोहक हरवला म्हणून लेगीमान त्याला शोधायला गेले. तो माणूस दुसऱ्या बाजूनं उतरून आपल्या घरी झोपला होता. लेगीमान सापडले तेव्हा आठवडा उलटला होता. वाटेच्या खाली, बांबूच्या बेटात, फार लांब नाही. तालुक्याचा डॉक्टर म्हणाला, पडल्यावर दोनतीन दिवस जिवंत असावेत. मी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. कारण मी स्वतः वरच्या वळणावर उभी राहून घसा फुटेपर्यंत त्यांना हाका मारल्या होत्या. जिवंत असते तर ओ दिली असती. दिली नाही, म्हणजे नव्हते. ह्या हिशेबावर मी तीन वर्षं झोपते आहे.

वेनिंगला म्हणाले, दुसरं कुणी नाही का वाडीत? ती म्हणाली, वाट बाबांइतकी मलाच माहीत आहे. मी उठून चुलीपाशी गेले. वरचा उरलेला भात खाली लागला होता.

७ ऑक्टोबर, शनिवार

आमच्या टपरीवर दिवसभर वर्दळ. टेंपेचे, आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांचे, काप तळून तळून डोळ्यांत धूर गेला. काप बांधायला रद्दी आली आहे त्यात एका गोष्टीच्या पुस्तकाची पानं आहेत, मधलीच. एक बाई बोटीत बसते तिथपर्यंत वाचलं. पुढची पानं बहुतेक कालच तेलकट होऊन डोंगरावर गेली. मी शाळेत दोनच वर्षं गेले. बाकी जे काही वाचते ते असं, शेंडा नाही बुडखा नाही.

सेमारांगहून आलेल्या टोळीला वेनिंग नियम सांगत होती. कचरा खाली आणायचा, फुलं तोडायची नाहीत, गाणी हळू. मग आमचा वाडीचा नियम. वर गेल्यावर एकमेकांना नावानं हाक मारायची नाही, नुसती ‘होय होय’ अशी हाळी घालायची. आणि धुक्यात कुणी तुमचं नाव घेऊन बोलावलं, तर बोलावणाऱ्याचे पाय जमिनीवर टेकलेले दिसेपर्यंत ओ द्यायची नाही.

एका चष्मेवाल्या पोरानं विचारलं, "आणि पाय दिसले तर?"

"तर ओ द्या आणि विचारा, उधारी कधी देतोस," वेनिंग म्हणाली.

सगळे हसले. मला हसू आलं नाही. ती लहान असताना तिच्या वडिलांनी तिचं बोट धरून हा नियम तिला शिकवला होता. ते गेल्यापासून मी तो रोज तिच्याकडून म्हणून घेते. पाठीवर पिशवी चढली की उंबऱ्यात तिला अडवते आणि विचारते, कुणी हाक मारली तर? ती कंटाळून म्हणते, पाय बघायचे, म्बोक, आई गं माझी. मग मी वाट सोडते.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

भांडण झालं. मी म्हणाले, चोविशी उलटली, खाली बाजारात एखादं दुकान टाक, कुणाचं तरी घर बघ. ती म्हणाली, शहरात रस्त्यावर रोज माणसं मरतात म्हणून कुणी रस्ते बंद करत नाही. मी म्हणाले, रस्ता तुझं नाव घेऊन बोलावत नाही.

ती म्हणाली, "डोंगरही बोलावत नाही. तूच बोलावतेस, दिवसभर. वेनिंग कुठे गेलीस, वेनिंग कधी येणार."

संध्याकाळी सारती आली. दार्योनोची बायको, मला यू म्हणजे ताई म्हणते, पण जीभ मिरचीसारखी. म्हणाली, "यू, पोरीला गळ्यात घंटा बांध आणि सोड चरायला. म्हणजे तुलाही झोप लागेल आणि आम्हालाही."

तिच्यासाठी आल्याचं पाणी उकळलं. आज गुरुवार, लेगीमानसाठी दुवा वाचली. सारती दाराशी बसून माझ्यामागे ओठ हलवत होती.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

फितींचं काम संपत आलं. फक्त शेवटचा तुकडा राहिला, झऱ्यापर्यंतचा. आज वाडीत बारशाचं जेवण होतं, माणसं स्वयंपाकाला अडकली. वेनिंग म्हणाली, मी एकटीच जाऊन उरकते, दुपारच्या नमाजापर्यंत परत. मी केळीच्या पानात मक्याचा भात आणि सुकी मासळी बांधून दिली. उंबऱ्यात विचारलं, तिनं सांगितलं, गेली.

दुपार गेली. चारनंतर धुकं उतरलं, कापसासारखं नाही, ओल्या राखेसारखं. मगरिबची अजान झाली तरी ती नाही.

दार्योनो माणसं घेऊन वर गेला आहे. मला म्हणाला, यू, तुम्ही उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही, एकाला शोधताना दुसऱ्याला शोधायची पाळी नको. हे तो लेगीमानच्या वेळीही म्हणाला होता, पण तेव्हा मी ऐकलं नव्हतं. आज ऐकलं. चुलीपाशी बसून आहे. सारतीनं माझं मनगट धरून ठेवलंय. एका हाताने लिहिते आहे.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

सापडली नाही.

म्बाह सोमो, सगळ्या वाडीचे आजोबा, स्वतः काठी टेकत आले. डोंगराची राखण त्यांच्या घराण्याकडे आहे. ते म्हणाले, पोर वाट चुकलेली नाही, तिला लपवलंय. लपवलेल्याला सोडवायची रीत जुनीच आहे: सुपं आणि पातेली बडवायची, म्हणजे लपवणारा गोंधळतो, आणि हरवलेल्याला बापाच्या नावासकट मोठ्यानं बोलवायचं, म्हणजे त्याचा जीव आपलं घर ओळखतो.

सगळी वाडी गेली. मी टपरीत राहिले. वरून सुपांचा आवाज येत होता आणि मध्येमध्ये पुरुषांचे आवाज एकदम, लेगीमानच्या लेकी, वेनिंग, घरी ये. तिचं नाव रानभर घरंगळत होतं. तिच्या जन्मापासून एवढ्या लोकांनी एका दिवसात ते कधी घेतलं नसेल. धुकं हलत नव्हतं. प्रत्येक हाकेनंतर मी श्वास धरायची.

एकदाही उत्तर नाही.

दार्योनो अंधारून आल्यावर परतला. काळ्या खडकाच्या कड्यावर खूप वेळ थांबून हाका मारल्या म्हणाला. तिथे तिची शेवटची फीत आहे. त्याचा घसा बसला होता. मी भात वाढला, त्यानं हात धुतले आणि तसाच बसून राहिला.

२१ ऑक्टोबर, शनिवार

पाऊस. जिल्ह्याहून शोधपथक आलं आहे, नारिंगी कपडे, दोर, कर्णा. त्यांच्यातल्या एका तरुण माणसानं अदबीनं मला बू, बाई म्हणत विचारलं, ती कुणावर रागावली होती का, उदास होती का. मी भांडणाचं सांगितलं. त्यानं मान हलवली. ती हलवण्याची तऱ्हा मला आवडली नाही.

कर्ण्यातून दिवसभर तिचं पूर्ण नाव. पोलीस चौकीत पुकारतात तसं. खडकाच्या कड्यावरून, झऱ्यावरून, ओढ्याच्या काठानं. ते म्हणतात, एवढ्या आवाजाला शुद्धीवर असलेलं कुणीही उत्तर देतंच.

बायका आता माझ्याशी हळू बोलतात. बाप बोलावून घेतो कधी कधी, असं कुणीतरी मागच्या पडवीत म्हणालं. सारती पातेलं आपटत बाहेर गेली आणि म्हणाली, ज्यांना भाकितं करायची त्यांनी आधी माझी भांडी घासा. मग आत येऊन माझ्याजवळ बसली आणि ती स्वतःच रडली.

दुपारी दोघंजण बांबूची डोली घेऊन वर गेले. डोलीवर पांढरी चादर घडी करून ठेवलेली होती. जखमीला थंडी वाजते म्हणून नेतात चादर. मी तसं स्वतःला सांगितलं.

ती उत्तर देत नाही, म्हणजे ती नाही. हा हिशेब मला येतो. एकदा केलेला आहे. पण ह्या वेळी तो होत नाहीये, सारखा हातचा राहतोय. खरं लिहायचं तर मी आज एवढंच मागितलं, की गेली असेल तर पडता क्षणीच गेलेली असो. आई असून हे मागितलं.

२२ ऑक्टोबर, रविवार

सगळं आजच लिहून ठेवते.

सकाळी धुकं इतकं, की चुलीपासून दार दिसेना. सारती घरी गेली होती. मी एकटीच लाकडं सारत होते. बाहेरून कुणीतरी हाक मारली, "वागियेम." मग पुन्हा, "वागियेम." आवाज बसलेला, कुणाचा ते कळेना. वाडीत मला नुसत्या नावानं कुणी हाक मारत नाही. मी फुंकणी धरून तशीच बसले. तिसरी हाक अगदी जवळून आली, "यू वागियेम." मी श्वाससुद्धा सोडला नाही.

मग उंबऱ्यावर चिखलाचे बूट दिसले आणि बुटांच्या वर दार्योनो.

"यू, किती हाका मारल्या," तो म्हणाला. "घशातून धड शब्द निघत नाही, तरी मारल्या. वाटलं, तुम्हालाही काही झालं. ओ का दिली नाहीत?"

"तुझे पाय कुठे दिसत होते?" मी म्हणाले.

म्हणाले, आणि माझं तोंड उघडंच राहिलं. तो माझ्याकडे बघत बघत खाली बसला.

शहरातल्या माणसाला हाक मारली की तो हाक संपायच्या आत ओरडतो. आजवर आम्ही शोधले ते सगळे शहरातले. वाडीचं माणूस हरवलं असं वेनिंगच्या आधी एकदाच झालं होतं. एक रीत सांगते, हरवलेल्याला नावानं बोलवा. दुसरी सांगते, नावानं बोलावलं तर गप्प राहा. दोन्ही आम्हीच सांभाळलेल्या, आणि कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

दुसरं नाव दार्योनोच्या तोंडाशी आलं, माझ्याही आलं. दोघांनीही ते घेतलं नाही. बांबूचं बेट वळणापासून किती जवळ आहे हे दोघांनाही माहीत आहे.

मी लुगडं वर खोचलं. तो म्हणाला, तुमचा गुडघा. मी म्हणाले, गुडघा माझ्याबरोबर येईल. वाटेत तो म्हणाला, शिट्टी वाजवू, पण नाव घ्यायचं नाही. मी म्हणाले, शीळ पाखरंही घालतात. तीन दिवस ती कान झाकून बसली असेल, तिला कशानं पटेल की माणूस आहे? चालताना मी हाच विचार करत होते. जे रानात बोलावतं ते गोड बोलावतं, असं सगळे सांगतात. त्याला फक्त नाव ठाऊक असतं. घरातलं त्याला काही ठाऊक नसतं.

काळ्या खडकाच्या कड्यावर मी खाली तोंड करून उभी राहिले. धुकंच होतं, खाली जमीन आहे की नाही तेही कळत नव्हतं. दार्योनोनं मागून माझा पदर मुठीत धरला. आणि मी सुरुवात केली.

"उलथलीस कुठे गं? ओले मोजे तांदळाच्या डब्यावर वाळत टाकून गेलीस, सगळ्या भाताला वास मारतोय. गॅसची टाकी संपली हे सांगायला तोंड नव्हतं? आणि ती तुझी लंगडी कोंबडी पुन्हा माझ्या अंथरुणात घाण करून गेली, आज तिला सोलतेच की नाही बघ."

शोधपथकाचा तो अदबीचा तरुण माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं असणार, बाईचं डोकं गेलं. दार्योनोनं त्याला हातानंच थांबवलं. मी थांबले नाही. मोजे संपले, कोंबडी संपली, मग मी तिच्या शाळेतल्या भानगडी काढल्या, सारतीच्या झाडाचे पेरू चोरले होते ते काढलं. आवाज चिरकत होता. शेवटी काही सुचेना तेव्हा मी म्हणाले, तुझ्या बापासारखीच आहेस, घुमी.

मग खालून आलं. बारीक, कोरड्या घशातून.

"म्बोक, कोंबडीला हात लावू नकोस."

दार्योनो खडकावर मटकन बसला आणि लहान मुलासारखा हसायला लागला, की रडायला, मी बघितलं नाही. मी खाली ओरडत राहिले. ती दिसेपर्यंत मी तोंड बंद करायला तयार नव्हते.

कड्याच्या अर्ध्यात खडकाची एक फळी बाहेर आली आहे, चटईएवढी. तिच्यावर ती अडकली होती. डावा पाय मोडलेला. खडकातून पाणी झिरपतं, ते चाटून राहिली. फळीच्या पुढे सरळ तुटलेला कडा आहे. दोरानं वर आणलं तेव्हा तिच्या दोन्ही कानांत शेवाळाचे बोळे होते.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

तालुक्याच्या दवाखान्यात. पाय प्लास्टरमध्ये. ताप उतरतोय.

तिनं सगळं ऐकलं होतं. सुपं, पातेली, सगळ्यांचे आवाज. म्हणाली, दार्योनोकाकांचा आवाज ओळखला होता, म्हणूनच जास्त भीती वाटली, ओळखीचाच आवाज काढतात म्हणे. आणि कर्णा लागला तेव्हा बोळे घातले, कारण माणसाचा आवाज एवढा मोठा नसतो.

सारतीनं कोंबडी दवाखान्यात आणायची का असं विचारलं. परिचारिकेला खरंच वाटलं.

रात्री बाकावर झोपले. झोपले म्हणजे पडले. ते वळण, ते बेट. त्यांनी माझा आवाज ओळखला असेल. ओळखला असेल म्हणूनच. ह्याच्या पुढे मला लिहिता येत नाही.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

घरी आणलं.

सकाळी म्बाह सोमो येऊन बसले. काठी उंबऱ्याला टेकवली. मग म्हणाले, उद्या जुम्म्याच्या नमाजानंतर वाडीला सांगायचं म्हणतो, पाय बघायचा नियम आजपासून मोडला, डोंगरावर कुणीही हाक मारली तर ओ द्यायची. मी राखणदार आहे, जबाबदारी माझी. पण ज्या घरानं किंमत मोजली त्या घराला आधी विचारतो. तू हो म्हणालीस तर.

मी लगेच हो म्हणाले. त्यांच्या वाक्याला पूर्णविराम मिळायच्या आत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताचाही मला राग आला, नुसता एक क्षण.

दिवस उतरताना वेनिंगच्या केसांतली गुंतवळ सोडवायला बसले. शेवाळ, काड्या, वाळलेली माती. ती अंथरुणावर, मी मागे. दार उघडं होतं, मुलं पतंग उडवत होती. ती पेंगुळल्यासारखी बोलत होती.

म्हणाली, "म्बोक, एक विचारू? पहिल्या दिवशी तू एकटीच का आली होतीस?"

मी विचारलं, कधी.

"मी पडले त्याच संध्याकाळी. अजान झाल्यावर. बाकीचे यायच्या आधी. खालून हाक मारत होतीस, अगदी जवळून. एवढ्या लाडानं तू मला कधी बोलावलं नाहीस. ये नदुक, ये पोरी, एकच पाऊल, मी इथेच आहे. मी सरकलेसुद्धा. पाय खाली सोडला होता. मग म्हटलं, आधी तुझे पाय बघू. वाकून बघितलं तर धुकंच." ती जरा हसली. "मनात किती शिव्या घातल्या तुला नंतर. एवढी आलीस आणि गेलीस."

फणी केसांत अडकली होती. मी ती हळूहळू सोडवली.

त्या संध्याकाळी मी चुलीपाशी होते. सारतीनं माझं मनगट धरलेलं होतं. आणि त्या फळीच्या खाली उभं राहायला जागाच नाही.

"हो," मी म्हणाले. "मीच होते. दमले आणि परत आले."

"वाटलंच," ती म्हणाली, आणि तिची मान सैल पडली.

तिला नीट निजवून मी बाहेर टपरीत आले. उद्या सकाळी म्बाह सोमोंकडे जायला हवं, नमाजाच्या आधी. हो म्हणून बसले आहे. होकार राहू दिला तर उद्या कुणाची तरी पोर एक पाऊल पुढे टाकेल. नाही म्हटलं तर कुणाचा तरी नवरा बांबूच्या बेटात गप्प पडून राहील. दोन्ही माणसं माझ्या ओळखीची आहेत. काय सांगायचं ते मला कळत नाही. वाचलेल्या कुठल्याच पानावर हे नव्हतं.

हे लिहीत असताना आतून हाक आली, "म्बोक."

दिवा लागलेला आहे. मधला पडदा बाजूला आहे. इथून अंथरूण सरळ दिसतं, आणि तिचे पाय, एक उघडा, एक पांढरा. तरी ओ द्यायला मला थोडा वेळ लागला.